चाळणी

“सीव्ह! सीव्ह! सीव्ह!”

अमेरिकेत कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकीच्या मॅचला पाहुण्या टीमच्या गोलीनं, म्हणजे गोलकीपरनं, गोल खाल्ला की विद्यार्थ्यांचा अख्खा स्टँड त्याच्याकडे बोटं दाखवून असं ओरडतो. सीव्ह म्हणजे चाळणी. काही ठिकाणी पुढे शेपूटही असतं, ‘सगळी तुझीच चूक! सगळी तुझीच चूक!’ मी हे कैक वर्षं घसा बसेपर्यंत ओरडलोय. आता ओरडत नाही. त्यावरून परवा मंडळाच्या कार्यक्रमात एका मित्राशी वाजलं. तो म्हणाला, “अरे प्लेऑफ असतो तो, कीर्तन नाही. खिलाडूवृत्ती शाळेच्या गॅदरिंगमधल्या भाषणात ठीक.” (प्लेऑफ म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी.) हातात श्रीखंडाची वाटी होती, मागे रांग होती, नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ओळख, कारण ‘तुला हॉकीतलं काय कळतं’ हे कुणीतरी विचारणारच. मी खडकीचा. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, हे सांगितल्याशिवाय आमच्याकडचा माणूस हॉकीवरचं एकही वाक्य पुरं करत नाही, तेव्हा तेही सांगून झालं. शाळेत मी गोलकीपर होतो. चपळ होतो म्हणून नाही, पळायचा कंटाळा म्हणून. शाळेकडे पॅडची एकच जोडी, त्यातल्या डाव्या पायाचं बक्कल तुटलेलं, ते सुतळीनं बांधायचं. मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उडायचा. गोल गेला की आमचे बॅक माझ्याकडे बघायचे आणि मी सुतळीकडे.

पुढे नोकरीनं न्यूयॉर्क शहरापासून तीन तास वर, ऑल्बनी-स्केनेक्टडीच्या बाजूला आणून टाकलं. इथे क्रिकेट चार महिन्यांचं. उरलेलं वर्ष काय करायचं, तर एका सहकाऱ्यानं धरून स्केनेक्टडीतल्या युनियन कॉलेजच्या मेसा रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, नेलं. छोटा रिंक, लोक अगदी काचेला चिकटून. बर्फावरची हॉकी बघून पहिल्यांदा वाटलं, ह्यात गोलकीपर जिवंत कसा राहतो? चेंडू नाही, रबराची चकती, पक. तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि मॅचच्या आधी गोठवून ठेवलेली, म्हणजे उसळत नाही. जाळं सहा फूट बाय चार फूट. गोली त्यापुढे वाकून उभा, अंगावर पंधरा-वीस किलोचा संसार, आणि पाच धिप्पाड पोरं त्याच्या नाकासमोर एकमेकांना ढकलतायत.

आता प्लेऑफची सिरीज. पूर्वापार पद्धत अशी की तीनपैकी दोन जिंकायच्या. शुक्रवारी पहिली, शनिवारी दुसरी, बरोबरी झाली तर रविवारी तिसरी. तेच दोन संघ, तोच रिंक, तेच प्रेक्षक. रविवारपर्यंत कुणाच्या कुठल्या बरगडीला लागलंय हे समोरच्यालाही पाठ असतं. आणि एखाद्या मॅचमध्ये बरोबरी झाली तर ती सुटेपर्यंत वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम. पेनल्टी शूटआउट वगैरे लाड नाहीत, गोल होईपर्यंत खेळायचं.

आमच्या स्केनेक्टडीनं ह्याची किंमत दोनदा मोजली. मार्च २००६ मध्ये येलनं युनियनला ३-२ हरवलं ते पाचव्या ओव्हरटाइममध्ये, आणि तेही येलचा एक खेळाडू पेनल्टीवर बाहेर असताना, म्हणजे माणूस कमी असताना गोल मारून. चार वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, क्विनिपियाकनं पुन्हा ३-२, पुन्हा पाचवा ओव्हरटाइम. खेळ चालला १५० मिनिटं २२ सेकंद. साधी मॅच साठ मिनिटांची असते, हे लक्षात घ्या.

पण २०१० ची गंमत पुढे आहे. ती पहिल्या रात्रीची मॅच होती. अडीच मॅचचा घाम गाळून हरलेली युनियनची पोरं दुसऱ्या संध्याकाळी परत बर्फावर उतरली, जिंकली, तिसरीही जिंकली आणि सिरीज खिशात घातली. पुढे लीगच्या फायनलला कॉर्नेलकडून हरली, पण चार वर्षांनी, २०१४ मध्ये, ह्याच पिटुकल्या कॉलेजनं मिनेसोटासारख्या बलाढ्य विद्यापीठाला ७-४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्या आठवड्यात आमच्याकडे दुकानातला अनोळखी माणूससुद्धा मिठी मारत होता. असो, विषयांतर.

हेच्या हेच २०१५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात झालं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची टीम पाहुणी. पहिली रात्र, पाचवा ओव्हरटाइम, १५१ मिनिटं ४२ सेकंद, कॉलेज हॉकीतली सगळ्यात लांब मॅच. मॅसॅच्युसेट्स ४-३ नं जिंकलं. नोत्र दामचा गोली कॅल पीटरसन, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. त्यानं त्या रात्री ८७ फटके अडवले. सत्त्याऐंशी! विक्रम. ९१ पैकी ८७. आणि स्कोअरकार्डावर त्याच्या नावापुढे काय? पराभव. (सिरीज मात्र नोत्र दामनं घेतली, पुढच्या दोन्ही मॅच जिंकून.) त्याच्या आधी २००० साली बॉस्टन विद्यापीठाचा रिक डिपिएत्रो, तोही पहिल्या वर्षाचाच, इथे ऑल्बनीत राष्ट्रीय स्पर्धेच्या मॅचला ७७ अडवून सेंट लॉरेन्सकडून चौथ्या ओव्हरटाइममध्ये ३-२ हरला. तीन महिने उलटले नाहीत तोवर व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याचा नंबर पहिला लागला, म्हणजे ज्यांना कळतं त्यांना कळलं. स्टँडला कळलं असेल का? ७७ अडवलेल्या पोराला शेवटच्या एका गोलावरून जोखायचं, हे शितावरून भाताची परीक्षा नव्हे. अख्खा भात बाजूला सारून एका खड्यावर बोलणं आहे ते.

माझ्या मित्राचा दुसरा मुद्दा असा की हॉकीत मारामाऱ्याच होतात, तिथे कसली खिलाडूवृत्ती. बाबा रे, तू टीव्हीवर व्यावसायिक लीग बघतोस. कॉलेजात मुठी उगारल्या की त्या मॅचमधून बाहेर आणि पुढच्या मॅचलाही बाहेर. तीन मॅचच्या सिरीजमध्ये हे परवडत नाही, म्हणून मारामारी जवळपास नसते. असतं ते वेगळं, आणि ते बघायला गोलीच्या मागच्या काचेशी बसावं लागतं.

उदाहरण सांगतो. गोलीसमोर उभं राहून त्याला पक दिसू न देणं हा खेळाचा भाग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बिचारा गोली बगळ्यासारखी मान काढून कधी डाव्या कुशीतून, कधी उजव्या कुशीतून बघत असतो. पण शिट्टी वाजल्यावर मुद्दाम त्याच्या पुढ्यात करकचून थांबायचं, म्हणजे स्केटच्या पात्यानं उडालेला बर्फाचा भुगा थेट त्याच्या जाळीदार मुखवट्यात, हे मला चीप वाटतं. रेफरीनं मनावर घेतलं तर दोन मिनिटं बाहेर बसवतो. बचावपटूनं मागून ढकललं असं दाखवून गोलीच्या अंगावर पडायचं, हे त्याहून वाईट, कारण त्याचे गुडघे आधीच नको त्या दिशेला वळलेले असतात.

गोलीही धुतल्या तांदळाचे नसतात, हे मी गोलकीपर असूनही मान्य करतो. समोरून हल्ला आला की पाठीनं हळूच जाळं खुंटीवरून सरकवायचं, खेळ थांबतो. मुखवट्याचा पट्टा नेमका आपली टीम दमलेली असतानाच ढिला होतो. कुणाचा कोपर जेमतेम लागला की नाटकातल्या राजासारखं कोसळायचं. ह्यातल्या बहुतेक गोष्टींना पेनल्टी आहे, पण सिद्ध कोण करणार? मला विचाराल तर जाळं सरकवणारा गोली आणि अंगावर पडणारा फॉरवर्ड एकाच माळेचे मणी. ८७ अडवणाऱ्याला पट्ट्याचं नाटक लागत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये पोटऱ्यांत गोळे आलेल्या माणसाला मी वरून काय शिकवणार? २०२१ मध्ये फार्गो शहरात मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठाचा गोली झॅक स्टेस्कल ५७ अडवून शेवटी गोळे येऊन बाहेरच गेला. बाकावर बसून अंग गार पडलेला राखीव गोली रायन फँटी ओव्हरटाइममध्ये सरळ जाळ्यात उभा राहिला. पाचव्या ओव्हरटाइममध्ये त्याची टीम नॉर्थ डकोटावर जिंकली, फँटीनं एकही गोल खाल्ला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो.

मग मी ओरडायचं का थांबवलं? पुस्तकी कारण नाही. माझी मुलगी अकराव्या वर्षी गोली झाली. आमच्यात तिला कुणी ढकललं नव्हतं, कोचनं विचारलं कोण उभं राहणार, हिनं हात वर केला. (पळायचा कंटाळा, दुसरं काय. रक्त आहे.) तिसरी-चौथी मॅच असेल. सकाळी सातची. स्टँडमध्ये आम्ही दहा-बारा आईबाप कॉफी धरून कुडकुडत होतो. समोरच्या पोरानं लांबून एक मरतुकडा फटका मारला, तो हिच्या पायांमधून रांगत आत गेला. सगळीकडे शांत. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून, माझ्या आठ वर्षांच्या मुलानं बाकावर उभं राहून, तिच्याकडे बोट दाखवून, खणखणीत आवाजात सुरू केलं: “सीव्ह! सीव्ह! सीव्ह!”

गोल झाला की असं ओरडायचं असतं, एवढंच त्याला माहीत. वर्षभर माझ्या मांडीवर बसून शिकला होता. बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. मुलीनं मात्र जाळ्यावरची पाण्याची बाटली उचलली, मुखवट्यातून तोंडावर एक फवारा मारला, दोन्ही खांबांना एकेकदा काठी टेकवली आणि परत वाकून उभी राहिली.

रात्री खडकीला आईला व्हिडिओ कॉल. नातीनं गाऱ्हाणं केलं, “आजी, मला चाळणी म्हणाला.” आईचं पहिलं वाक्य, “कोण मेला म्हणाला?” भावाचं नाव निघाल्यावर सूर बदलला. मग जरा विचार करून, “पण कसली चाळणी? पिठाची का रव्याची? पिठाच्या चाळणीतून फार काही जात नाही.” मुलगी इतकी हसली की विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

मित्राला माझं म्हणणं एवढंच की विद्यार्थ्यांनी खुशाल ओरडावं. एकोणीस वर्षांच्या गोलीला एकोणीस वर्षांची पोरं चिडवतात, तो जमा-खर्च त्यांचा त्यांचा. तो गोलीही उद्या मित्राच्या मॅचला जाऊन तेच ओरडेल. पण पन्नाशीला आलेल्या, गृहकर्ज फेडणाऱ्या बापयानं त्यात सूर मिसळायचा? मला आता ते जमत नाही. तू ओरड. तुझा मुलगा बुद्धिबळ खेळतो.

गेल्या मार्चमधली एक रविवारची तिसरी मॅच अजून डोळ्यांसमोर आहे. दुसरा ओव्हरटाइम. गोल झाला, एका बाजूच्या पोरांचा एकमेकांवर ढीग रचला गेला, दुसऱ्या बाजूची पोरं जिथे होती तिथे गुडघ्यांवर. मग दोन्ही टीम रांगेत आल्या, हातमोजे काढून हस्तांदोलन. तीन दिवस ज्यानं बरगडीत कोपर मारला त्याच्याशीच. बहुतेक जण दोन सेकंदांत पुढे सरकतात. हे दोन गोली मात्र सगळ्यांत शेवटी समोरासमोर आले आणि थांबले. जिंकलेल्यानं हरलेल्याच्या पॅडवर काठीनं टकटक केलं. मुखवटे डोक्यावर सरकवलेले, केसांतून वाफ निघतेय, आणि बोलणं काही संपेना. मधूनच हरलेला गोली काठीनं एका जाळ्याकडे दाखवत होता आणि दुसरा जोरजोरात मान हलवत होता. तिकडे जिंकलेली टीम ह्याची फोटोसाठी वाट बघतेय.

“काय बोलत असतील गं एवढं?” मी मुलीला विचारलं.

तिनं वरही बघितलं नाही. “त्या बाजूच्या डाव्या खांबाशी बर्फ उखडलाय, बाबा. दोघंही तिथेच अडखळत होते.”