गाठी चौपट, सोयाबीन दुप्पट? तात्या, जरा थांबा

वाळवा तालुक्यातल्या आमच्या तात्यांनी परवा एक मेसेज पुढे ढकलला: 'रायझोबियम चौपट लावा, वर युरियाही द्या. गाठी चौपट, सोयाबीन दुप्पट. हेच कल्चर हरभऱ्याला आणि उसालाही चालतं.' रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून झाडाला नत्र देणारे जिवाणू. बियाण्याला चोळायचं त्यांचं कल्चर पुडीत मिळतं. वाचून सोडून दिलं असतं, पण तात्या पुड्यांची ऑर्डर देऊन बसलेत.

अहो, गाठी किती धरायच्या हे पुडी ठरवत नाही, झाड ठरवतं. गाठीतले जिवाणू नत्र देतात, पण फुकट नाही. पानांनी बनवलेली साखर खातात. म्हणून पुरेशा गाठी धरल्या की मुळाकडून पेप्टाइडचा (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचा) निरोप वर पानाकडे जातो आणि पान खाली कळवतं, आता बास. पानात हा निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाचा जनुक सोयाबीनमध्ये 2003 साली सापडला.

आणि मेसेजवाल्याला हवं ते झाड कधीच तयार झालंय! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1985 साली 'ब्रॅग' वाणातून हा लगाम सुटलेली झाडं काढली. गाठी कित्येक पट, जमिनीत नायट्रेट (मुळांना थेट घेता येणारं नत्र) असलं तरी. मग उत्पादन दुप्पट? कुठलं! मुळंच खुरटली, आणि शेतात ती बहुतेकदा मूळ वाणाच्या मागेच राहिली. पुढे कलमं बांधून पाहिली (तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको). लगाम सुटलेल्या झाडाचा शेंडा साध्या झाडाच्या खुंटावर बांधला, तर साध्या मुळांवर गाठींचा खच. उलट केलं, तर गाठी बेताच्याच. लगाम पानात आहे. बियाण्याला आणखी चार पुड्या चोळून तो सुटणार कसा?

युरियाचं तर विचारूच नका. आपल्या साध्या सोयाबीनला युरियातून जमिनीत आयतं नायट्रेट भरपूर मिळालं की ते गाठी धरणंच कमी करतं. पुडीचेही पैसे, युरियाचेही.

हरभऱ्याचा जिवाणू वेगळा. उसाला गाठी येतच नाहीत. त्याचं जिवाणू कल्चर, ॲसिटोबॅक्टर, वेगळं.

एक मान्य: ज्या रानात सोयाबीन कधी झालंच नाही, तिथं कल्चरचा फरक दिसतो. पण तिथंही 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम बास. बुरशीनाशक आधी, कल्चर शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. मग फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप अलगद उपटून गाठ कापून बघा. आत लालसर दिसली, तर नत्राचं काम चालू आहे.