दुबईच्या बाजारात ‘दहा रुपये’

आजोबा बोटीवर खलाशी होते, मुंबई-बसरा लाइनीला. त्यांची पत्र्याची ट्रंक कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. गेल्या महिन्यात आईने ती एकदाची खाली काढायला लावली. आत दोन लुंग्या, एक गंजलेला वस्तरा आणि पुठ्ठ्याच्या पाकिटात दहाची एक नोट. अशोकस्तंभ आहे, रिझर्व्ह बँक आहे, मागे शिडाचं गलबत आहे, भाषांच्या रांगेत आपलं ‘दहा रुपये’सुद्धा आहे. पण नोट लालभडक आणि नंबराच्या आधी झेड. भाऊ म्हणाला, खोटी दिसतेय.

खोटी नाही. ही गल्फ रुपयाची नोट. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान या सगळ्या पट्ट्यात एकेकाळी आपला रुपयाच चालायचा. मोती मुंबईला यायचे, तांदूळ-कापड मुंबईहून जायचं, वर्चस्व दोन्हीकडे इंग्रजांचं. वेगळं चलन काढायची कुणाला गरजच पडली नाही. 1947 नंतरही तसंच चालू राहिलं.

घोळ झाला सोन्याचा. आपल्याकडे सोन्याच्या आयातीवर बंदी, दुबईत खुला बाजार. दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं चोरून मुंबईत यायची आणि त्यांचे रुपये गुपचूप आखातात जायचे. तिथल्या बँका तेच रुपये रिझर्व्ह बँकेकडे पाठवून पौंड मागायच्या, आणि ते द्यावे लागायचे. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल सरकार स्वतःच्या परकीय गंगाजळीतून भरत होतं! म्हणून 1959 मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. किंमत मात्र तीच, एकास एक.

कुवेत शहाणं, 1961 मध्येच स्वतःचा दिनार काढून मोकळं झालं. 1965 मध्ये बहारीनही गेलं. बाकीचे राहिले, आणि 6 जून 1966 ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर 4.76 रुपयांचा होता, तो साडेसात रुपयांचा झाला. दुबईत कुणा व्यापाऱ्याच्या पेटीत हजार रुपये असतील तर काल त्यांचे 210 डॉलर होत होते, आज 133. दुष्काळ आपला, युद्धाचा खर्च आपला, कर्ज आपलं. खिसा कापला गेला त्याचा. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर कतार, दुबई वगैरेंनी रुपया सोडला. ओमान तेवढा 1970 पर्यंत थांबला.

हे सगळं सांगतोय कारण हल्ली दर चार दिवसांनी कुणीतरी ‘ब्रिक्सचं (म्हणजे भारत, चीन, रशिया, ब्राझील वगैरे देशांच्या गटाचं) एकच चलन येणार, डॉलर संपला’ असं ढकलतं आणि खाली टाळ्या पडतात. माझा प्रश्न साधा आहे. छापखाना कुणाच्या ताब्यात? बाकी सगळं नंतर.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले 14 देश आजही सीएफए फ्रँक वापरतात. सेनेगल, माली, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, गॅबन वगैरे. हे चलन फ्रान्सने 1945 मध्ये काढलं. दर युरोला बांधलेला: एक युरो म्हणजे 655.957 फ्रँक. नोटा छापल्या जातात फ्रान्समध्ये. आणि गंमत बघा, पश्चिमेचा फ्रँक आणि मध्य आफ्रिकेचा फ्रँक किमतीला सारखे, पण सेनेगलची नोट कॅमेरूनच्या दुकानात चालत नाही. जानेवारी 1994 मध्ये या फ्रँकची किंमत एका फटक्यात निम्मी केली गेली. बाहेरून येणारं औषध, बाहेरून येणारा तांदूळ, सगळ्याचे भाव भडकले. 1966 मध्ये दुबईला जे वाटलं असेल, तेच सेनेगलच्या राजधानीला, डाकारला.

तरी हे देश बाहेर का पडत नाहीत? कारण फायदाही खरा आहे. 2022 च्या अखेरीस शेजारच्या घानात महागाई 50 टक्क्यांच्या वर गेली होती; घानाचं चलन स्वतःचं आहे. फ्रँकवाल्या टोगो आणि आयव्हरी कोस्टमध्ये ती एक आकडी राहिली. माली 1962 मध्ये रागाने बाहेर पडला आणि 1984 मध्ये परत आला. स्वतःचा छापखाना असणं आणि तो नीट चालवणं, यात फरक आहे.

युरोचं वेगळं. तिथे निदान टेबलाभोवती सगळ्यांना खुर्ची आहे. म्हणूनच 2026 च्या 1 जानेवारीला बल्गेरिया 21 वा देश म्हणून आत गेला. पण 2015 मध्ये ग्रीसच्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या आणि एटीएममधून दिवसाला 60 युरोच मिळायला लागले, तेव्हा खुर्ची असूनही फार काही करता आलं नाही. स्वतःचं चलन असतं तर ते घसरू दिलं असतं. तो रस्ताच बंद होता.

आणि आपण? आपण यात नेहमी स्वतःला ग्रीसच्या जागी बसवून बोलतो. लाल नोट हातात घेतल्यावर कळलं, आपण फ्रान्सच्या जागीही बसून झालंय. नेपाळ-भूतानमध्येही आपला रुपया चालतो; 2016 च्या नोटाबंदीत नेपाळच्या राष्ट्र बँकेत (तिथल्या रिझर्व्ह बँकेत) आपल्या जुन्या नोटा अडकून पडल्या, भूतानच्या लोकांची धावपळ झाली. आपण आपल्या रांगेत उभे होतो, तिकडे कुणाचं लक्ष होतं?

आजोबांनी ती नोट वेळेत बदलून का घेतली नाही, कोण जाणे. आई म्हणते, विसरले असतील. मला वाटतं, गलबत आवडलं असेल.

आत्येभाऊ सध्या शारजात आहे. त्याचा दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला, 3.6725 वर. मी नोटेचा फोटो पाठवला तर म्हणाला, वा, भारी! दुसऱ्याच मिनिटाला पुढचा मेसेज: “रुपया आज पडलाय, मामीला सांग पैसे आजच पाठवतो.”