काबूलचं चॅनेल बायकांनी बंद पाडलं नाही, दाजी

मंगळवारी रात्री आक्काचा फोन आला तो रडवेल्या आवाजातच. भाचीला बी.ए. झाल्यावर सोलापूरजवळ केगावला विद्यापीठात पत्रकारितेला जायचंय. फॉर्म भरून झालाय, सही तेवढी राहिलीय, आणि दाजींनी तो फॉर्म उचलून कपाटात ठेवला. कारण काय, तर मोबाईलवर आलेला एक मेसेज. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला. मजकूर असा:

"काबूलमध्ये 2017 साली फक्त बायकांचं टीव्ही चॅनेल निघालं. चार वर्षांत बंद! कारण बायकाच बायकांच्या बातम्या बघत नाहीत. तिथेसुद्धा कॅमेऱ्यामागे पुरुषच होते. कॅनडातलं बायकांचं चॅनेलही असंच बुडालं. मुलींना या लाइनला घालण्याआधी विचार करा."

विचार करूनच लिहितेय.

त्या चॅनेलचं नाव झन टीव्ही. झन म्हणजे बाई. मे 2017 मध्ये ते सुरू झालं तेव्हा अफगाणिस्तानात टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायका होत्याच, पण निवेदिका, बातमीदार, निर्मात्या अशा सगळ्या बायकाच, असं पहिल्यांदा घडत होतं. पन्नासच्या वर मुली कामाला होत्या. बऱ्याच जणींनी घरच्यांशी भांडून ही नोकरी धरली होती.

आता "चार वर्षांत बंद". तारीख बघा ना जरा. 15 ऑगस्ट 2021. आपल्याकडे झेंडावंदन उरकून लोक घरी आले होते आणि टीव्हीवर तालिबान काबूलमध्ये शिरल्याच्या बातम्या चालू होत्या. प्रेक्षक नाहीत म्हणून जे चॅनेल बुडतं, ते असं एका दिवसात बुडत नाही. आधी जाहिराती आटतात, मग पगार लांबतात, जुनेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागतात. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही पत्रकारांसाठी काम करणारी जागतिक संस्था आहे. तिनं त्याच महिन्याच्या शेवटी पाहणी जाहीर केली. झन टीव्ही आणि बानो टीव्ही, बायकांची दोन्ही चॅनेल 15 ऑगस्टलाच थांबली. दोन्हीकडच्या बायकांना एकाच दिवशी बातम्यांचा कंटाळा आला काय? त्याच पाहणीत पुढे आहे: काबूलच्या आठ मोठ्या माध्यमसंस्थांत 510 बायका कामाला होत्या, त्यांतल्या उरल्या 76. या आठ संस्था काही फक्त बायकांच्या नव्हत्या. सगळ्यांनी बघायची चॅनेल होती ती, आणि तिथूनही बायकाच गेल्या.

सरकारी टीव्हीवरची शबनम दौरान नावाची निवेदिका त्याच आठवड्यात कामावर गेली होती. तिला दारातूनच परत पाठवलं. पुरुष सहकारी ओळखपत्र दाखवून आत जात होते. तिनं नंतर व्हिडिओ केला, त्यात गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून कॅमेऱ्यापुढे दाखवलंय. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानं तो हात एकदा बघावा. पुढे मे 2022 मध्ये, ज्या थोड्या निवेदिका पडद्यावर उरल्या होत्या त्यांनाही तोंड झाकून बातम्या द्यायचा हुकूम आला. दार लावून घेतलं कुणी आणि नाव लावता कुणाला!

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की हे खोटं वाचून आपल्या घरातल्या मुलीचं दार लागतंय.

बायका बघत नाहीत म्हणे. आक्काच्या शेजारच्या मावशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळतात. मांडीवर सूप, पाण्यातनं काढलेली पानं ओल्या फडक्यात, आणि समोर बातम्या चालू. हजार विड्या वळताना मान वर होत नाही, पण कान तिकडंच. त्या ऑगस्टात मी आक्काकडे होते. विमानामागं धावणारी माणसं दाखवली तेव्हा दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "तिथल्या पोरींचं आता कसं गं?"

कॅमेऱ्यामागे पुरुष होते, हे मात्र अर्धं खरं आहे. चॅनेल काढलं हमीद समर या पुरुषानं, आणि कॅमेरा, एडिटिंगला पुरुष तंत्रज्ञ होते. मान्य. पण तेच तिथल्या मुलींना काम शिकवत होते, एवढं वाक्य मेसेजमधून गळलं. शिकायला कुणीतरी शिकवणारा लागतोच. दाजी, तुम्हाला लूम चालवायला कुणी शिकवलं?

कॅनडाचं चॅनेल बुडालेलंच नाही. 1 जानेवारी 1995 ला विनिपेगमधून सुरू झालं, 2001 मध्ये दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं, 2002 मध्ये नाव बदलून डब्ल्यू नेटवर्क झालं आणि कारभार टोरांटोला गेला. जुन्या चॅनेलचा बाज गेला, याचं मलाही वाईट वाटतं. पण विकणं वेगळं, बुडणं वेगळं.

आणि काबूलच्या बायका गप्प बसल्या का? बायकांसाठीचा रेडिओ बेगम 8 मार्च 2021 ला तिथंच सुरू झाला होता, तो तालिबान आल्यावरही चालू राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये धाड पडली, प्रसारण थांबवलं. काही आठवड्यांत ते परत सुरू झालं. त्यांचंच बेगम टीव्ही 2024 पासून पॅरिसहून उपग्रहावरून चालतं आणि शाळा बंद झालेल्या मुलींना सातवी ते बारावीचे धडे शिकवतं. लांब कशाला, आपल्या पंढरपूरच्या पुढं म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ आहे. चित्रकूटकडच्या खेड्यातल्या बायकांनी 2002 मध्ये 'खबर लहरिया' काढलं, ते आज मोबाईलवर बघता येतं.

दाजी, हे त्याच ग्रुपवर टाका. रविवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय, फॉर्म कपाटातनं काढून ठेवा. सहीला पेन मी आणते.