केक कापा, कादंबरी होईलच

लिहिण्याची उमेद टिकवायची असेल तर प्रत्येक टप्पा साजरा करावा, असं हल्ली सगळेच सांगतात. खरंच आहे. फक्त टप्पा कशाला म्हणायचं, ते नीट समजून घ्या.

शीर्षक सुचलं की पेढे वाटा.

नवी वही आणलीत? फोटो टाका. शेजारी चहाचा कप हवाच.

शब्दसंख्या रोज ग्रुपवर जाहीर करा. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत 21 जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढे त्याचा नोव्हेंबरातला ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम झाला: महिन्यात 50,000 शब्द, म्हणजे रोज साधारण 1,667. आपल्याला एवढी दगदग नको. ‘मनःपूर्वक आभार’ हेही दोन शब्दच आहेत, धरा हिशेबात.

आणि पहिलं प्रकरण ‘होत आल्याबद्दल’ समारंभ तर कराच. आमच्या ग्रुपातल्या एका गृहस्थांनी गेल्याच रविवारी केला. हॉल, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, हनुवटीला हात लावलेल्या फोटोचा फ्लेक्स. केकवर क्रीमने ‘प्रकरण 1’. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले, तेही स्वतःच्याच कादंबरीवर. मी भाबडेपणाने त्या गृहस्थांना म्हटलं, “दोन पानं वाचून दाखवा ना.” तर म्हणे, “अजून कागदावर उतरायचंय. डोक्यात पूर्ण तयार आहे.” डोक्यात! दिवाळी अंकाचा लेख अर्धा टाकून, भर उन्हात पार्किंग शोधत मी यांचं डोकं बघायला गेलो होतो! वर संध्याकाळी फोन: “ग्रुपवर तुमच्या टाळ्या दिसल्या नाहीत. नवोदितांना प्रोत्साहन द्यायला हवं.” नवोदित? माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून हे नवोदित आहेत. तिचं आता लग्न झालं.

असो. कुठे होतो आपण? हां, मुखपृष्ठ. ते आधी करून घ्या.

लेख साभार परत आला, तर तोही साजरा करा. संपादकाला कळत नाही.

जाऊ दे, मला नाही जमत हे गोड बोलणं. अहो, का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीच्या आधी इथली माणसं मजकुरासाठी रात्री जागवताहेत. मानधन येईल की नुसता अंक, तेही ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी कुणी हॉल घेतला? एक पान धड उतरलं की आनंद होतो, मलाही होतो. बायकोला वाचून दाखवतो, ती म्हणते “मधलं कंटाळवाणं झालंय,” मग मी परिच्छेद कापतो. केक नाही. पान लिहून झालं तर खुशाल नाचा, मीही येईन. पण न लिहिलेल्याच्या टाळ्या माझ्याकडे मागू नका. फोन बंद करा, दार लावा, लिहायला बसा. आणि चौकातला तो फ्लेक्स आधी उतरवा, ‘कादंबरी’तली वेलांटी चुकलीय.