आत्या, पिल्लू तुझ्या हाताच्या वासानं गेलं नाही

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला. आवाज बसलेला. तिच्या मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं होतं आणि त्यातलं एक पिल्लू सकाळी तुळशीपाशी खाली बसलेलं दिसलं. तिनं ते ओंजळीत उचललं आणि मग तिला महिनाभर सगळ्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आठवला, ‘पक्षीप्रेमींनो, हे सात नियम पाठ करा.’ नियम पहिला: माणसाचा हात लागला की त्या वासानं आई पिल्लाला टाकून देते. नियम दुसरा: अशा पिल्लाला ड्रॉपरनं कोमट दूध पाजा, चोच उघडत नसेल तर बोटानं उघडा. आत्यानं दिवसभर तासातासाला दूध पाजलं. रात्री पिल्लू गेलं. “मी हात लावायलाच नको होता गं,” एवढंच ती सारखं म्हणत होती.

तो मेसेज मलाही तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुसला होता. आता ओळ न् ओळ वाचला आहे.

पहिला नियम साफ खोटा आहे. वासावरून पिल्लू टाकून देणं ही पक्ष्यांची रीतच नाही. बहुतेक पक्षी पिल्लू ओळखतात ते जागेवरून आणि आवाजावरून. जगभर अभ्यासक घरट्यातली पिल्लं हातात घेतात, वजन करतात, पायात कडी अडकवतात आणि परत ठेवतात. आई-बाप चोचीत अळी घेऊन हजर होतात. आपल्याकडचंच बघा ना. कावळीच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढतं, सातभाईच्या घरट्यात चातकाचं. परक्या जातीचं पिल्लू पोसणारी आई आपल्याच पिल्लाला हाताच्या वासासाठी टाकेल?

यात अर्धं खरं आहे ते एवढंच की पिल्लाला उगाच हात लावू नये. पण त्याचं कारण वेगळं आहे. बुलबुलाची पिल्लं साधारण बारा दिवसांची झाली की नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. आखूड शेपटीचं, पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते ‘पडलेलं’ नसतं. आई-बाप जवळच कुठेतरी असतात आणि आपण समोरून हलेपर्यंत खाली उतरत नाहीत. मांजराची भीती असेल तर ते उचलून जवळच्या झुडपात दाट फांदीवर ठेवायचं आणि लांब जायचं. अंगावर पिसंच नसतील तर घरट्यात परत ठेवायचं. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं पाडलेल्या करवंटीत सुकं गवत घालून ती तिथंच बांधायची. आत्याचे हात त्या पिल्लाला काहीच अपाय करत नव्हते. ती त्याला मधुमालतीत ठेवून घरात गेली असती, तर पुढचं काम बुलबुलाच्या जोडीनं केलं असतं.

दुसऱ्या नियमानं मात्र मला झोप लागली नाही. पक्ष्याची श्वासनलिका उघडते ती तोंडात, जिभेच्या लगेच मागे. आपल्या घशात तिच्यावर झाकण असतं, त्यांच्यात ते नसतं. वरून पातळ काही टाकलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. आत्या सांगत होती, पाजताना पिल्लाच्या नाकपुड्यांतून दुधाचा बुडबुडा आला आणि मग ते घरघरायला लागलं. त्या बुडबुड्याचा अर्थ मला कळला आणि फोनवर काय बोलावं ते सुचेना. पाण्याचंही तसंच आहे, ड्रॉपरनं पाणीसुद्धा पाजायचं नाही. पिल्लाला लागणारं पाणी अळ्या आणि फळांतून मिळतं. शिवाय पक्षी पिल्लांना अंगावर पाजत नाहीत. दुधातली साखर पचवायची सोयच त्यांच्या पोटात नाही. जखमी पिल्लू असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवावं, तोंडात काहीही घालू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. दूध पाजायला सांगणाऱ्या मेसेजमध्ये हा चार आकडी नंबर बसला नाही, याचा मला राग येतो.

बाकीचे नियम भराभर घेते. ‘कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतो आणि पोट फुटतं.’ मावळात, कोकणात भात राखणाऱ्या कुणालाही विचारा. मनोल्या आणि चिमण्या ओंब्याच्या ओंब्या फस्त करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

‘घरात हिरवा पोपट ठेवला की बुध बलवान होतो.’ ग्रहांचं मी बोलत नाही, कायद्याचं बोलते. आपला कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बाजारात येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून ओढून काढलेली असतात.

‘मिरची चारली की पोपट बोलतो.’ बोलण्याचा मिरचीशी संबंध नाही, पण मिरचीनं त्याचं नुकसानही होत नाही, हे मान्य करायला हवं. तिखटपणा ओळखणारी जी यंत्रणा आपल्याला भाजते, ती पक्ष्यांमध्ये मिरचीतल्या तिखट द्रव्याला दाद देत नाही.

‘पाळलेले लव्हबर्ड उडवून दिले की पुण्य लागतं.’ हे वाचून कुणी खरंच पिंजरा उघडू नका. आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो त्यातले बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाचे, खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, आणि आपल्याकडचे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले. त्यांना दाणा शोधता येत नाही, कावळा ओळखता येत नाही. बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. सांभाळणं जमत नसेल तर सांभाळणाऱ्याच्या हाती द्या.

शेवटचा नियम: ‘मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या, आता काही करून उपयोग नाही.’ देशभरच्या पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या एक कोटीहून जास्त नोंदींवरून २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात देशपातळीवर पंचवीसहून जास्त वर्षांत चिमणी साधारण स्थिर दिसते. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती हळूहळू घटते आहे, म्हणजे मुंबईकरांची तक्रार खोटी नाही. पण टॉवरविरुद्ध ठोस पुरावा नसल्याचं तोच अहवाल सांगतो आणि बोट दाखवतो ते कमी झालेल्या किड्यांकडे आणि घरट्याला न उरलेल्या जागांकडे. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना भरवते किडे आणि अळ्या. कौलं, वळचणी, भिंतीतले कोनाडे गेले, त्यात बागेवर दर महिन्याला औषध फवारलं, तर ती भरवणार काय आणि राहणार कुठे? आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

हे सगळं मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, दुसरं पिल्लू अजून मधुमालतीतच आहे, मांजर फिरतंय, काय करू? मी म्हटलं, मांजराला हाकल, खिडकी लावून घे आणि आतून बघ. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. बुलबुल दोनदा येऊन गेला होता, चोचीत काहीतरी हिरवं घेऊन.