‘बी’ आणि ‘डी’च्या पलीकडे

विशेष शिक्षकांच्या (दिव्यांग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांच्या) प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या की शाळांमधली त्यांची कमतरता भरून निघेल, हे एका लेखातलं विधान पटलं नाही. मी स्वतः दोन वर्षांचं विशेष बी.एड. केलंय, अशा शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही आहे. आमचा बहुतेक सराव विशेष शाळेत झाला, एका बाईंसमोर सात-आठ मुलं. नोकरी लागली ती उपनगरातल्या साध्या मराठी शाळेत, वर्गात पंचावन्न! अध्ययन अक्षमतेच्या (वाचन-लेखन शिकताना येणाऱ्या कायमच्या अडचणींच्या) तासाला उदाहरणं कायम इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’च्या गोंधळाची. माझी मुलं अडतात ती ‘घ’ आणि ‘ध’पाशी, ‘भ’ आणि ‘म’पाशी, आणि रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा तिथे. ‘सूर्य’चं ‘सुर्य’ झालं तर ती अक्षमता की नुसती शुद्धलेखनाची चूक (ती तर आपण सगळेच करतो), हे ओळखायला मला कुणी शिकवलं नाही. वर्गशिक्षिकेकडून शिकले.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितलं, त्यामुळे पदं हवीतच, त्यावर वाद नाही. पण प्रशिक्षणातली ही उणीव इतरांकडेही दिसते: शालेय मानसशास्त्र शिकणाऱ्यांनाही मुलांची चाचणी घेऊन अहवाल लिहिता येतो. तो अहवाल हातात घेऊन गणिताच्या सरांशी काय बोलायचं, ते येत नाही. अभ्यासक्रमातला निम्मा सराव तरी साध्या शाळेत, साध्या वर्गात करायला लावा. जागांचं नंतर बघू.