सार्वमताचा मुहूर्त काढायचाय? या, बसा

परवाच्या शनिवारी लेकीचा कान ठणकत होता. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरसाठी जो नंबर लावायचा, तो लावून मी अठ्ठेचाळीस मिनिटं एकच पियानो ऐकत बसले होते. स्कॉटलंडात राहणाऱ्यांना तो पियानो पाठ आहे, जास्त सांगत नाही. एवढ्यात दाराची बेल वाजली. फोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरून दार उघडलं, तर पावसात भिजलेला एक कोवळा मुलगा उभा, हातात मोबाइल. म्हणाला, "स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं असं तुम्हाला कितपत वाटतं? एक ते दहामध्ये सांगा. एक म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे नक्कीच." मी बोलायला तोंड उघडलं आणि गालानेच लाल बटण दाबलं गेलं. पियानो बंद.

अर्ध्या तासाने दाराच्या फटीतून दुसऱ्या बाजूचं पत्रक आत पडलं. 'दुसरं सार्वमत नको' हे त्यात चार ठिकाणी ठळक छापलेलं. आमच्या गल्लीतल्या ओसंडणाऱ्या कचरापेट्यांबद्दल अर्धी ओळ.

तेव्हा लक्षात आलं की दोन्हीकडच्या मंडळींना सल्ल्याची नितांत गरज आहे. पुन्हा सार्वमत घ्यावं का आणि कधी, हे बिचाऱ्यांना इतकी वर्षं ठरवता येत नाहीये. तुमच्यावरही कधी देश वेगळा करायची वेळ आलीच तर हाताशी असावेत, म्हणून हे काही अनुभवसिद्ध उपाय.

सुरुवातीला 'पिढी' हा शब्द वापरा. स्वातंत्र्यावरच्या 2014 च्या सार्वमतावेळी तेव्हाचे स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथले मुख्यमंत्री, अ‍ॅलेक्स सामंड म्हणाले होते तसं, 'पिढीतून एकदाच येणारी संधी' म्हणा. पिढी किती वर्षांची, हे मात्र कुणाला सांगू नका. आपण हरलो तर ती दोन वर्षांत संपते, जिंकलो तर पन्नास वर्षांतही संपत नाही. माझी लेक सार्वमताच्या पुढच्या वर्षी जन्मली. पिढी काय ती सध्या सोफ्यावर कान धरून रडतेय.

मग मुहूर्त काढा. सामंड यांच्यानंतरच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी जून 2022 मध्ये काढला होता, 19 ऑक्टोबर 2023. 2022 च्याच नोव्हेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की असं सार्वमत लंडनच्या परवानगीशिवाय परस्पर घेण्याचा अधिकार एडिंबराच्या संसदेला नाही. तो 19 ऑक्टोबर उजाडला तेव्हा बाबेट वादळ दारात होतं. अँगसला हवामान खात्याचा लाल इशारा, दुसऱ्या दिवशी ब्रेखिनमध्ये लोकांच्या घरात पाणी. मतदान असतं तर पेट्या होडीतून आणाव्या लागल्या असत्या. होडीवर येतेच आहे.

परवानगी मागायची असेल तर जो कधीच देणार नाही, त्याच्याकडेच मागा.

द्यायची नसेल तर 'नाही' म्हणू नका, 'आत्ता ती वेळ नाही' म्हणा. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान टेरीसा मे यांनी मार्च 2017 मध्ये म्हटलं होतं. त्यानंतर चार पंतप्रधान झाले, वेळ काही झाली नाही.

गणित पक्कं ठेवा. 2011 मध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीला एडिंबराच्या संसदेत 129 पैकी 69 जागा मिळाल्या. तो जनादेश ठरला, पंतप्रधान कॅमेरन एडिंबराला येऊन सार्वमताच्या करारावर सही करून गेले. 2021 मध्ये सार्वमताचं वचन देणाऱ्या दोन पक्षांच्या मिळून 72 झाल्या, तो जनादेश नाही. 69 मोठे, 72 लहान. आता दुसरीकडची पाटी. पुढची सार्वत्रिक निवडणूक हेच सार्वमत समजू, असं स्टर्जनबाईंनीच 2022 मध्ये जाहीर केलं होतं. ती 2024 मध्ये झाली, पक्षाच्या लंडनच्या संसदेतल्या जागा 48 वरून 9 वर आल्या आणि पाटी गुपचूप पुसली गेली. माझी लेक शाळेत असं गणित करून आली असती तर बाईंनी मला बोलावून घेतलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या कुठल्याही विषयावर कुणी प्रश्न विचारला की सार्वमताकडे बोट दाखवा. आता होडी. बेटांसाठी दोन नवी जहाजं 2015 मध्ये मागवली, दोन्ही मिळून 9 कोटी 70 लाख पौंडांना. पैकी 'ग्लेन सॅनॉक्स' नोव्हेंबर 2017 मध्ये थाटात पाण्यात सोडलं, स्टर्जनबाईंच्याच हस्ते. त्याला खिडक्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण काळ्या रंगाने रंगवलेल्या! आमच्याकडे उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून कोरड्या टाकीला नळ लावतात, तसंच. पण तो नळ निदान खरा असतो. त्या जहाजात पहिला प्रवासी चढला जानेवारी 2025 मध्ये. खर्च चौपटीच्या वर. बेटांवरच्या लोकांनी विचारलं, जहाज कुठे? उत्तर, सगळं लंडनच्या हातात आहे हो, स्वातंत्र्य मिळू दे. आणि विरोधकांना स्वातंत्र्याबद्दल विचारा, युरोपबद्दल विचारा, ते म्हणणार, जहाज बघा जहाज! अहो, जहाज बांधायला सार्वमत लागत नाही! दवाखान्याचा फोन उचलायला लागत नाही! आरोग्य 1999 पासून एडिंबराच्याच हातात आहे, अठ्ठेचाळीस मिनिटं पियानो लंडनचं वेस्टमिन्स्टर वाजवत नव्हतं!

असो. उपाय कितवा चालला होता, विसरले.

माझं आजोळ फोंड्याचं. तिकडे देवळात कौल लावतात. गुरव देवाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकाच गोष्टीसाठी कुणी पुन्हा कौल लावायला आला की आमच्या गावचा गुरव विचारायचा, "मधे काय बदललं?" आजोबांनी 16 जानेवारी 1967 ला महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फुलावर शिक्का मारला. वेगळं राहू म्हणणारी दोन पानं जिंकली, 34 हजारांच्या फरकाने. दोनच महिन्यांनी त्याच गोव्याने विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. आजोबा हळहळले, पण त्यांनी परत पाकळ्या लावल्या नाहीत.

गुरवाचा प्रश्न मी इथल्या दोघांनाही विचारते. मधे काय बदललं? बदललंय ना! 2014 मध्ये मी प्राथमिक शाळेतल्या मतदान केंद्रात, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मत दिलं. भारतीय पासपोर्टवर, राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना हक्क होता. (पुण्याच्या मतदार यादीत माझं नाव एकदाही सापडलं नाही, ते वेगळं.) तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, युरोपात राहायचं तर 'नाही' म्हणा. 55 टक्के 'नाही' म्हणाले. दोन वर्षांनी ब्रेक्झिट आलं, इथल्या 62 टक्क्यांनी राहू द्या म्हटलं, तरी बाहेर काढलं. हे बदलणं नव्हे? चार ठिकाणी ठळक छापणाऱ्यांनो, याचं उत्तर पाचव्या ठिकाणी छापा.

आणि एक ते दहावाल्यांनो, तुम्हाला तारीख का सापडत नाही ते मी सांगू? कारण मतचाचण्या वर्षानुवर्षं निम्म्या-निम्म्या आहेत आणि तुम्हाला हरायची भीती वाटते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 1995 साली वेगळं होण्याच्या दुसऱ्या सार्वमतात 'नाही' 50.58 टक्क्यांवर जिंकलं. तिसऱ्यांदा विचारायला 'जिंकण्याजोगी परिस्थिती' येऊ दे म्हणाले, ती अजून येतेय. लंडनवाल्यांनाही तीच भीती. म्हणून एक मागितल्यासारखं करतो, दुसरा नाकारल्यासारखं करतो, आणि दोघांची दुकानं त्याच भिजत घोंगड्यावर चालतात.

लाज वाटू द्या थोडी. वीसेक किलोमीटर पाण्यापलीकडे उत्तर आयर्लंडसाठी 1998 च्या कायद्यात लिहिलेलं आहे की बहुमत वेगळं व्हायच्या बाजूने दिसलं की मंत्र्याने मतदान घ्यायचं, आणि एकदा घेतलं की पुढची सात वर्षं नाही. तोही नियम सोवळा नाही, 'दिसलं' म्हणजे कुणाला, हे मंत्र्यावरच सोडलंय. फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनियात तीनदा विचारायचं लिहून ठेवलं होतं, तरी 2021 च्या तिसऱ्या मतदानावर तिथल्या मूळच्या कनाक लोकांनी बहिष्कार घातला. लिहून सगळं सुटत नाही, कळतं मला. पण तुम्ही बसून एक कागदही लिहिला नाहीत. जनादेश कशाला म्हणायचं, दोन मतदानांत किती वर्षं, परवानगी कुणाची, एवढं लिहायला दहा-बारा वर्षं कमी पडली? आयर्लंडात माणसं मेल्यावर लिहिलं. इथे कुणी मेलं नाही म्हणून लिहायचं नाही, असं आहे का?

कानाचं म्हणाल तर रविवारी पहाटे फोन लागला. औषध फुकट मिळालं, इथे मिळतं, तेवढं मान्य. आणि तो मुलगा. पावसात उभा होता बिचारा, त्याला आत घेऊन चहा द्यायला हवा होता. माझा आकडा हवाच असेल तर ये रे बाबा. शनिवारी अकराला तेवढा येऊ नकोस, मी फोनवर असते.